आप्तवाक्य आणि आकाशातील दिवे

माणूस खोटे का बोलतो, या प्रश्नाचा ऊहापोह नीतिशास्त्राने पुष्कळ केला आहे. त्या मानाने, खरे बोलणारा माणूस चुकला तर त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न उपेक्षितच राहिला आहे. वास्तविक व्यवहारात हा दुसरा प्रसंगच अधिक वेळा येतो. लबाडाच्या बाबतीत आपले कर्तव्य स्पष्ट असते. त्याची लबाडी उघड करावी आणि मोकळे व्हावे. परंतु ज्याने डोळ्यांनी काही पाहिले, जे पाहिले ते निर्मळ मनाने सांगितले, आणि तरीही ज्याचे सांगणे वस्तुस्थितीला धरून नाही, अशा माणसाला काय म्हणावे? त्याला खोटा म्हणणे अन्यायाचे होईल आणि त्याचे म्हणणे खरे मानणे असत्याचे होईल.

हा पेच एकट्यादुकट्या माणसाच्या बाबतीत आला तर तो आपण हसण्यावारी नेतो. पण एकाच वेळी शेकडो माणसे तसे सांगू लागली म्हणजे हसून भागत नाही. आकाशात अज्ञात वस्तू दिसल्याच्या ज्या लाटा गेल्या शतकात ठिकठिकाणी उसळल्या, त्यांचे महत्त्व मला एवढ्याचसाठी वाटते. परग्रहावरून कोणी आले होते की नाही, हा वाद येथे करावयाचा नाही. तसा विश्वसनीय पुरावा आजवर पुढे आलेला नाही, एवढे सांगितले म्हणजे तो विषय माझ्यापुरता संपतो. पाहणाऱ्याने पाहिले, सांगितले, आणि मग शासनाने व विद्वानांनी त्याचा खुलासा केला. या व्यवहारात कोणी कोणाचे काय देणे लागतो, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

या लाटांपैकी एक मोठी लाट १९४७ सालची. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड नावाचा एक व्यावसायिक अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताच्या परिसरात आपले छोटे विमान चालवीत असता त्याला नऊ चकाकत्या वस्तू ओळीने जाताना दिसल्या. दोन शिखरांमधील अंतर आणि घड्याळातील वेळ यांवरून त्याने त्यांचा वेग ताशी बाराशे मैलांहून अधिक काढला. ध्वनीचा वेग ओलांडणारे विमान त्या दिवसापर्यंत कोणी चालविलेले नव्हते. पाण्यावर बशी भिरकावली असता ती जशी टप्पे घेत जाते तशी त्या वस्तूंची चाल होती, असे त्याने सांगितले. त्याची उपमा चालीची होती. वृत्तपत्रांनी तिच्यातून ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द घडविला, आणि पुढील काही आठवड्यांत देशभर शेकडो लोकांना आकाशात गोल तबकड्या दिसू लागल्या. एका माणसाने गती सांगितली आणि इतरांना आकार दिसला! या सर्वांनी संगनमत केले होते असे म्हणण्यास काडीचाही आधार नाही. त्यांना काहीतरी दिसले होते हेही बहुधा खरे. मात्र जे दिसले त्याला नाव आधीच तयार होते.

परंतु माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत बोलके प्रकरण आहे ते मार्च १९६६ मधील मिशिगन राज्याचे. २० मार्चच्या रात्री ॲन आर्बर शहराजवळील डेक्स्टर या खेड्यात एका शेतकऱ्याला व त्याच्या मुलाला घरामागच्या दलदलीवर चमत्कारिक दिवे दिसले. ते दोघे चिखल तुडवीत त्या दिशेने गेलेही. पोलिसांपैकी काहींनीही दिवे पाहिल्याचे सांगितले. दुसऱ्याच रात्री हिल्सडेल येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहातून सत्याऐंशी विद्यार्थिनींनी जवळच्या पाणथळ जागेवर दिवे हलताना, मंद होताना आणि पुन्हा उजळताना बराच वेळ पाहिले. त्या भागातील नागरी संरक्षणाचा अधिकारीही पाहणाऱ्यांत होता. वृत्तपत्रे धावून आली, दूरध्वनी खणखणू लागले, आणि अमेरिकन हवाई दलाने आपले सल्लागार पाठविले. हे सल्लागार म्हणजे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील खगोलशास्त्राचे प्राध्यापक जे. ॲलन हायनेक. १९४८ पासून ते हे काम पाहत होते आणि त्यांची ख्याती संशयवादी म्हणूनच होती.

हायनेक यांनी काही दिवस चौकशी केली आणि २५ मार्च रोजी डेट्रॉइट येथे भरगच्च पत्रकार परिषदेत आपले मत सांगितले. दलदलीत कुजणाऱ्या वनस्पतींपासून निघणारा वायू पेट घेऊन असे दिवे दिसणे शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे मुळात अडाणीपणाचे नव्हते. ओलसर जागी रात्री भुरभुरणारा उजेड युरोपातील लोककथांना ठाऊक आहे, आणि आपल्याकडेही खेडोपाडी आग्यावेताळाच्या गोष्टी ऐकून मोठे झालेले लोक पुष्कळ आहेत. हायनेक यांनी हा खुलासा त्या दोन ठिकाणांपुरताच आणि शक्यता म्हणून दिला होता. परंतु दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘दलदलीचा वायू’ हे दोनच शब्द उरले. व्यंगचित्रकारांना विषय मिळाला. आणि ज्यांनी दिवे पाहिले होते त्यांना वाटले की, आपल्याला साऱ्या देशासमोर मूर्ख ठरविण्यात आले. मिशिगनचे प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड, जे पुढे १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदीय चौकशीची मागणी केली. आपल्या लोकांना याहून चांगला खुलासा मिळावयास हवा, असा तिचा सूर होता. ५ एप्रिल १९६६ रोजी प्रतिनिधिगृहाच्या संरक्षणविषयक समितीपुढे हा विषय निघाला, आणि त्याच वर्षी कोलोरॅडो विद्यापीठाकडे, एडवर्ड कॉन्डन या नामांकित पदार्थवैज्ञानिकाच्या नेतृत्वाखाली, या सर्व प्रकरणांचा अभ्यास सोपविण्यात आला.

येथे थांबून विचारावेसे वाटते की, मिशिगनच्या लोकांना नेमके काय लागले? खुलासा चुकीचा होता म्हणून ते रागावले असे दिसत नाही; तो चूक की बरोबर हे ठरविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तुम्ही जे पाहिले ते आम्ही ऐकलेच नाही, असा त्या खुलाशाचा अर्थ त्यांना लागला. मला वाटते, या दुःखाचे स्वरूप समजण्यास आपल्या न्यायशास्त्राचा चांगला उपयोग होतो.

न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानले आहे, पण तो शब्द आप्ताचा असला पाहिजे. आप्त म्हणजे नातलग नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची दोन लक्षणे सांगितली आहेत. त्याला वस्तूचे साक्षात् ज्ञान झालेले असावे, आणि ज्ञान झाले तसेच ते सांगण्याची त्याला इच्छा असावी. ही दोन लक्षणे सर्वस्वी वेगळी आहेत. पहिले ज्ञानाविषयी आहे, दुसरे शीलाविषयी. आणि आप्तत्वासाठी वात्स्यायनाला जात किंवा पदवी लागत नाही. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना हे लक्षण सारखेच लागू आहे, असे तो स्पष्ट म्हणतो. डेक्स्टरचा शेतकरी दुसऱ्या कसोटीला पुरेपूर उतरला होता. त्याच्या बाबतीत शंका होती ती पहिल्या कसोटीविषयी. परंतु जगाची रीत अशी की, पहिल्या कसोटीत माणूस कमी पडला की त्याला दुसरीतही नापास करावयाचे. ‘तुझे ज्ञान अपुरे आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानी ‘तू खोटा आहेस’ किंवा ‘तू वेडा आहेस’ असे पोहोचते. आणि पुष्कळदा बोलणाऱ्याच्या मनातही तेच असते.

प्रामाणिक डोळे किती चुकू शकतात याचा एक पक्का दाखला लवकरच मिळाला. ३ मार्च १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या झोंड-४ या यानाच्या प्रक्षेपणातील अवशेष अमेरिकेच्या काही राज्यांवरून वातावरणात जळत गेले. म्हणजे आकाशात काय होते ते या वेळी निश्चित ठाऊक होते. कोलोरॅडोच्या अभ्यासगटातील विल्यम हार्टमन यांनी लोकांची निवेदने त्याच्याशी ताडून पाहिली. पुष्कळांनी जे पाहिले ते ठीक सांगितले होते: जळते तुकडे, मागे शेपट्या, आवाज नाही. परंतु काहींनी लांबट आकाराचे यान सांगितले, त्याला प्रकाशमान खिडक्या सांगितल्या, त्याचे पत्रे रिव्हेट मारून जोडल्यासारखे दिसल्याचेही सांगितले. ते यान झाडांच्या उंचीवरून गेले असे काहींना वाटले. प्रत्यक्षात ते तुकडे कित्येक मैल उंचावर होते.

या खिडक्या कोठून आल्या? शिंपल्याच्या जागी रुपे दिसते तेव्हा ते रुपे कोठून येते, असा प्रश्न आपल्या तत्त्वज्ञांनी विचारला होता. नैयायिकांचे उत्तर असे की, ते रुपे शून्यातून येत नाही. ते बाजारात पूर्वी पाहिलेले असते. स्मृती ते उचलून समोरच्या चकाकीवर ठेवते. या मताला अन्यथाख्याती म्हणतात. झोंडच्या खिडक्याही अशाच पूर्वी पाहिलेल्या होत्या. विमानांना, आगगाड्यांना, चित्रपटांतील अवकाशयानांना. अंधारात सरळ रेषेत जाणारे काही दिवे दिसले की त्यांच्यामधला काळोख मन भरून काढते, आणि तो भरलेला भाग डोळ्यांनीच पाहिला असे माणूस शपथेवर सांगतो. यात लबाडी कोठेच नाही. साक्षीदार मोठा पदवीधर असला म्हणून यातून सुटतो असेही नाही.

येथपर्यंत साक्षीदाराची परीक्षा झाली. पण आप्ताच्या दोन कसोट्या केवळ त्यालाच का लावाव्यात? खुलासा करणाऱ्याचे वाक्य हेही शब्दप्रमाणच आहे. त्याला त्याच तराजूत घातले तर काय दिसते?

जुलै १९५२ मध्ये लागोपाठच्या दोन शनिवारच्या रात्री वॉशिंग्टन या राजधानीच्या शहरावर विमानतळाच्या रडारने अनोळखी ठिपके टिपले, वैमानिकांना दिवे दिसले, आणि लढाऊ विमाने पाठवावी लागली. २९ जुलै रोजी हवाई दलाच्या मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पत्रकारांना सांगितले की, वातावरणातील उष्ण व थंड थरांच्या उलटापालटीमुळे असे भास होण्याचा संभव आहे. खुलासा शास्त्रीय होता. पण पुढे जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थेने एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचे एक मंडळ बसविले. त्याने काय सुचविले? अशा वार्तांमुळे संरक्षणाची संदेशयंत्रणा तुंबण्याचा धोका आहे, यासाठी लोकांचे या विषयावरील कुतूहल पद्धतशीरपणे कमी करावे! म्हणजे चौकशीचे उद्दिष्ट सत्यशोधन न राहता शांतता हे झाले. त्याहून गंभीर गोष्ट १९९७ मध्ये बाहेर आली. एका इतिहासकाराने त्या संस्थेविषयी लिहिलेल्या लेखात म्हटले की, १९५५ नंतर अतिउंचावरून उडणाऱ्या यू-२ या गुप्त विमानांमुळे आणि त्यानंतरच्या तशाच विमानांमुळे या काळातील निम्म्याहून अधिक वार्ता उत्पन्न झाल्या होत्या, आणि गुप्तता राखण्यासाठी हवाई दलाने लोकांना दिशाभूल करणारे खुलासे दिले. हे ‘निम्म्याहून अधिक’ प्रमाण इतर अभ्यासकांना फुगविलेले वाटते. तरी दिशाभूल झाल्याची कबुली राहतेच. खाली उभ्या असलेल्या माणसाने खरोखर एक विमान पाहिले होते, आणि ज्याला ते ठाऊक होते त्याने, तू ढगांतील बर्फाचे कण पाहिलेस, असे त्याला सांगितले.

आता तराजू पाहा. साक्षीदार चुकला तो बहुधा ज्ञानाच्या कसोटीत; शासन चुकले ते शीलाच्या कसोटीत. राष्ट्ररक्षणासाठी गुप्तता लागते, हे मी अमान्य करीत नाही. शासकीय सेवेत असलेल्या कोणालाही ते शिकवावे लागत नाही. पण ‘सांगता येत नाही’ असे म्हणणे आणि ‘तुला भास झाला’ असे म्हणणे, यांत फार मोठे नैतिक अंतर आहे. पहिल्यात आपण आपला शब्द राखून ठेवतो, दुसऱ्यात समोरच्याचे डोळे काढून घेतो. आणि असा खोटा खुलासा एकदा उघडकीस आला की पुढे शंभर खरे खुलासेही व्यर्थ जातात. आज अमेरिकेत कोट्यवधी लोक शासनाच्या कोणत्याही निवेदनावर विश्वास ठेवीत नाहीत, त्याचे सारे खापर त्यांच्या भोळेपणावर फोडणे योग्य नव्हे.

कॉन्डन समितीचा अहवाल जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकवीस वर्षांच्या या वार्तांतून विज्ञानात काही भर पडलेली नाही आणि पुढील विस्तृत अभ्यासातून पडण्याची आशा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. डिसेंबर १९६९ मध्ये हवाई दलाने आपली चौकशी बंद केली. तोवर एकूण १२,६१८ वार्ता नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्यांपैकी ७०१ वार्तांपुढे ‘अनिर्णित’ असा शेरा राहिला. हायनेक यांनी पुढे १९७२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला आणि साक्षीदारांचे शांतपणे ऐकून घेतले पाहिजे असा आग्रह धरला. त्यांची पुढील सगळी मते मला पटत नाहीत. पण ज्या माणसाचा खुलासा देशभर थट्टेचा विषय झाला, त्याने त्यानंतर लोकांवर चिडण्याऐवजी त्यांचे ऐकण्याची रीत सुधारण्यात आपले आयुष्य घालविले, ही गोष्ट मला त्या ७०१ शेऱ्यांइतकीच आदरणीय वाटते.

अमेरिकेतील लोकांना निदान संसद होती, प्रतिनिधी होता, विद्यापीठ होते. आपल्या देशात अशीच लाट आली तेव्हा काय झाले, तेही पाहिले पाहिजे. २००२ च्या उन्हाळ्यात व त्यानंतरच्या कोरड्या पावसाळ्यात पूर्व उत्तर प्रदेशातील गावांत लोक सांगू लागले की, रात्री आकाशातून लाल-हिरवा प्रकाश टाकणारी वस्तू येते आणि माणसाचा चेहरा ओरबाडून जाते. तिला नाव पडले ‘मुँहनोचवा’. त्या वर्षी जुलैमध्ये देशभर सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला होता. उकाडा असह्य, वीज वारंवार जाणारी, आणि तरीही लोकांनी उघड्यावर झोपणे सोडले. तरुण मंडळी ढोल बडवीत रात्रभर गस्त घालू लागली. आणि खुलासे? कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेतील एका प्राध्यापकाने कोरड्या हवेतील विजेच्या गोळ्याची शक्यता सांगितली. एका पोलीस अधिकाऱ्याने तो किडा असल्याचे सांगितले. हे देशविघातक शक्तींचे काम असल्याचेही बोलले गेले. डॉक्टरांनी सांगितले की, हा सामूहिक भयाचा प्रकार असून जखमा बहुधा नकळत स्वतःच्याच नखांनी झालेल्या आहेत. मला हा शेवटचा खुलासा सर्वांत संभाव्य वाटतो. परंतु एकाच आठवड्यात, एकाच निश्चयी आवाजात, चार अधिकारी व्यक्ती चार गोष्टी सांगू लागल्यावर खेडुताने कोणाला आप्त मानावे? बंदोबस्त करा म्हणून हजारोंचे जमाव पोलीस ठाण्यांवर गेले. जमाव पांगविण्यासाठी गोळीबार झाला आणि त्यात माणूस दगावल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले.

दोरीवर दिसलेला साप खोटा असतो, पण तो पाहून सुटलेला घाम खरा असतो. वेदान्त्यांच्या या जुन्या दृष्टांताची पहिली बाजू आपण नेहमी सांगतो. दुसरी सांगत नाही. मुँहनोचवा नसेल, पण चेहऱ्यावरचा ओरखडा होता, उडालेली झोप होती, आणि शेवटी गेलेला जीवही होता. दृष्टांतात भ्रम जातो तो कोणी दुरून ‘अरे, ती दोरी आहे’ असे ओरडल्याने नव्हे. दिवा आणावा लागतो, आणि पाहणाऱ्याला त्या उजेडात पुन्हा पाहू द्यावे लागते. खुलासा करणाऱ्याचे सारे दायित्व मला या दिव्यात साठवलेले दिसते.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न उघडा ठेवला की अंधश्रद्धा त्यात घर करते. म्हणून काहीतरी निश्चित सांगून तो मिटविणे हेच लोकहिताचे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि भीतीने पेटलेल्या गावात अधिकाऱ्याला तत्त्वचर्चा करीत बसता येत नाही, हेही मान्य. पण उसनी निश्चितता अंधश्रद्धा घालवीत नाही, तिला फक्त नवा प्रतिस्पर्धी देते. न्यायसूत्रांच्या सोळा पदार्थांत ‘संशय’ हा एक स्वतंत्र पदार्थ आहे. दूरवर उभा आहे तो खांब की पुरुष, हे त्याचे नित्याचे उदाहरण. संशयाची तेथे भ्रमात गणना नाही. संशयावाचून निर्णयाकडे नेणारी चौकशीच सुरू होत नाही, म्हणून त्याला मान आहे. ‘अजून कळलेले नाही, कळेपर्यंत रात्री अमुक करा, जखम झाली तर तमुक ठिकाणी दाखवा’ असे सांगणारा अधिकारी लोकांना धीरही देतो आणि आपला शब्दही शाबूत राखतो. साक्षीदाराचेही कर्तव्य आहेच. ‘दिवा दिसला’ आणि ‘यान आले’ ही दोन वाक्ये त्याने वेगळी ठेवली पाहिजेत. पण हे वेगळेपण त्याला शिकवावयाचे कोणी? ज्याने त्याचे निवेदन लिहून घेतले, त्यानेच.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणा मंडळींना हा प्रश्न परका वाटू नये. परमुलखात, परभाषेत आपल्याकडे जे अर्ज-तक्रारी येतात, त्यांत माणसाला झालेला त्रास बहुधा खरा असतो आणि त्याने लावलेले कारण पुष्कळदा चुकीचे असते. कारण चुकीचे दिसले की त्रासासकट अर्ज निकाली काढण्याचा मोह टेबलावरच्या प्रत्येकाला होतो. भाषा अर्धवट कळत असली म्हणजे तो मोह अधिकच बळावतो. अशा वेळी टिप्पणीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिणे हाताशी असते: अर्जदाराने काय पाहिले, त्यावरून त्याने काय मानले, आणि आपल्याला खरोखर काय ठाऊक आहे. तिसऱ्या रकान्यात कधी काहीच लिहिता येणार नाही. तो कोरा ठेवण्यास लागणारे धैर्य फार मोठे नसते. वरिष्ठ कदाचित विचारतील, फाइल काही दिवस टेबलावर राहील, इतकेच. त्या कोऱ्या रकान्यामुळे कोणा दूरच्या खेड्यातील माणसाला आपण खोटा ठरवीत नाही, आणि उद्या त्याच रकान्यात आपण काही लिहिले तर ते खरे मानण्यास त्याला कारण उरते.